परतीच्या भाड्यात अडकलेला ट्रक

नांदेड/लातूर : सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या बाजारात दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. वेळेवर ट्रक मिळत नाही, असे व्यापारी म्हणतो. परवडणारे भाडे मिळत नाही, असे ट्रकमालक म्हणतो. वरवर पाहता यातील एकच तक्रार खरी असली पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या आहेत, कारण व्यापारी बोलतो तो जाण्याच्या भाड्याविषयी आणि ट्रकमालक बोलतो तो जाऊन येण्याच्या हिशेबाविषयी. मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत एका ट्रकच्या जोरावर संसार चालविणाऱ्यांचे अर्थकारण या फरकात सामावलेले आहे.

शेकडो गाड्या बाळगणाऱ्या वाहतूक कंपन्या कारखान्यांशी वर्षाचे करार करतात. त्यांचा प्रश्न येथे नाही. प्रश्न आहे तो एमएच २४ आणि एमएच २६ या क्रमांकांचा, बहुधा कर्जावर आणि अनेकदा जुना घेतलेला दहा चाकी ट्रक चालविणाऱ्या मालकाचा. तो कधी स्वतः सुकाणूवर असतो, कधी एक चालक पगारावर ठेवतो. त्याच्याकडे करार नसतो, गोदाम नसते, कार्यालय नसते. त्याच्याकडे एक मोबाईल असतो आणि त्यावर येणारा दलालाचा फोन असतो.

माल जातो एकीकडे, येतो दुसरीकडून

लातूर ही सोयाबीन आणि तुरीची देशपातळीवरची बाजारपेठ. सोयाबीनचे गाळप करणारे प्रकल्प आणि डाळ मिल यांमुळे येथून तेल, सोयापेंड आणि तूरडाळ बाहेर पडते. उदगीरलाही डाळ मिलची जुनी परंपरा आहे. नांदेडकडे अर्धापूरची केळी, भोकर-किनवट पट्ट्यातील कापूस, धर्माबादची मिरची आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद. दोन्ही जिल्ह्यांतले साखर कारखाने वेगळेच. म्हणजे जाण्याच्या मालाला तोटा नाही.

येणारा मालही अगदी कमी नाही. पण तो त्याच गावांहून येत नाही. डाळ जाते मुंबईला, हैदराबादला आणि पुढे दक्षिणेत. सोयापेंड जाते तेलंगणातील कुक्कुटपालकांकडे. सिमेंट मात्र येते कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी-सेडम भागातून किंवा चंद्रपूरकडून. बांधकामाची सळई येते जालन्याहून, तांदूळ निजामाबाद-बोधनच्या गिरण्यांतून आणि खत येते रेल्वेच्या मालधक्क्यावर. ट्रक हैदराबादच्या बाजारात रिकामा उभा असतो, तेव्हा त्याचा परतीचा माल शंभर-दीडशे किलोमीटर दूर कुठल्या तरी सिमेंट कारखान्याच्या फाटकाआड असतो. खुद्द हैदराबादेतून नांदेड-लातूरला येणारा किराणा, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग हा माल पेट्यांचा. तो पार्सल कंपन्यांच्या ठरलेल्या गाड्यांतून येतो, मोकळ्या ट्रकच्या वाट्याला क्वचितच.

त्यात एक गोष्ट भर घालते. एकाचे जाण्याचे भाडे हे दुसऱ्याचे परतीचे भाडे असते. अकोला-हिंगोली-नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा राष्ट्रीय महामार्ग १६१ नांदेडमधून जातो. नागपूर-हैदराबाद हा महामार्ग ४४ किनवट, भोकर आणि धर्माबादच्या पूर्वेकडून निर्मलमार्गे जातो. या रस्त्यांवरून घरी परतणारा परप्रांतीय ट्रक डिझेल निघाले तरी समाधानी असतो. अर्धापूरच्या केळीसाठी उत्तरेकडे परतणारी गाडी जो दर सांगेल, तो दर नांदेडहून निघणाऱ्या स्थानिक ट्रकला परवडणे शक्य नाही. स्थानिक मालक याला अन्याय म्हणतो. मात्र हैदराबादेत तोच ट्रक उभा राहिला की तोही तेथल्या स्थानिक मालकाचे भाडे त्याच पद्धतीने पाडतो.

तीनशे किलोमीटरचा हिशेब

लातूर-हैदराबाद हे अंतर साधारण तीनशे किलोमीटर. उदाहरणादाखल एक खेप मांडून पाहता येईल. यातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गाडीचे आकडे त्यात भरावेत.

समजा, १८ टन डाळ भरली आणि टनाला १,२०० रुपये दर मिळाला. भाडे झाले २१,६०० रुपये. डिझेल लिटरला ९० रुपये धरले आणि भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर चालली, तर जाताना ७५ लिटर, म्हणजे ६,७५० रुपये. येताना गाडी रिकामी असेल आणि लिटरला साडेपाच किलोमीटर देत असेल, तर सुमारे ४,९०० रुपये. दोन्ही वेळचा टोल ३,००० रुपये. दलाली, हमालीचा वाटा, भत्ता आणि काट्याचा खर्च मिळून २,००० रुपये. याशिवाय गाडी उभी असो की पळत असो, कर्जाचा हप्ता, विमा, कर, परवाना आणि चालकाचा पगार चालूच असतो. तो महिन्याला ७५ हजार धरला तर दिवसाला अडीच हजार. भरणे, जाणे, उतरवणे आणि परतणे यांत तीन दिवस गेले, तर ७,५०० रुपये. एकूण खर्च झाला २४,१५० रुपये. म्हणजे २१,६०० रुपयांचे भाडे घेऊन निघालेला ट्रक २,५५० रुपयांचा तोटा घेऊन घरी परतला. यात टायरची झीज धरलेलीच नाही.

आता परतीला निम्म्या दराने, टनाला ६०० रुपयांनी, भाडे मिळाले असे समजू. १०,८०० रुपये आले. भरलेल्या गाडीचे जादा डिझेल १,८५० रुपये, एक जादा दिवस २,५०० रुपये आणि इतर खर्च २,००० रुपये वजा केले तर ४,४५० रुपये उरतात. आधीचा तोटा भरून निघून चार दिवसांअखेर हातात १,९०० रुपये. तोट्याचे रूपांतर नफ्यात करणारे भाडे हे जाण्याचे नसून परतीचे आहे, आणि तेही निम्म्या दराचे.

मात्र या हिशेबाला एक कड आहे आणि अनेक मालक तिथेच घसरतात. ते निम्म्या दराचे भाडे लगेच मिळाले तरच १,९०० रुपये उरतात. त्यासाठी एक दिवस थांबावे लागले तर अडीच हजार वजा होऊन ६०० रुपयांचा तोटा होतो. तरीही तो रिकामे परतण्याच्या तोट्यापेक्षा कमीच. दोन दिवस थांबावे लागले तर तोटा ३,१०० रुपयांवर जातो, म्हणजे पहिल्याच दिवशी रिकामे निघणे स्वस्त पडले असते. एक दिवस थांबावे, दुसऱ्या दिवशी निघावे, असे हा हिशेब सांगतो. ट्रक टर्मिनलवर मात्र याच्या उलट घडते. एक दिवस थांबलो, आता रिकामे कसे जायचे, म्हणून माणूस दुसरा दिवस थांबतो, आणि दुसरा वाया गेला म्हणून तिसरा.

याला अपवाद ऋतूचा. घरी भाडे वाट पाहत असेल तेव्हाच थांबण्याच्या दिवसाची किंमत अडीच हजार असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढलेली असताना हैदराबादला दुसरा दिवस काढणे हे नुकसान आहे. ऑगस्टमध्ये लातूरला परतूनही गाडी घरासमोर उभीच राहणार असेल, तर हैदराबादला तीन दिवस थांबण्यात फारसे काही जात नाही. एकाच रस्त्यावर, एकाच दरात, दोन महिन्यांत दोन वेगळी उत्तरे योग्य ठरतात.

दुसरी वाट त्रिकोणाची. हैदराबादहून सरळ मागे न फिरता सुमारे ११० किलोमीटरवरील तांडूरकडे रिकामे जायचे, तेथून सिमेंट किंवा फरशी भरायची आणि जहिराबाद-बिदर-उदगीर मार्गे लातूर गाठायचे. रिकामे अंतर तीनशेवरून शंभर-सव्वाशेवर येते. सिमेंट कारखान्याच्या फाटकावर करारवाल्या वाहतूकदारांचा आणि स्थानिक गाड्यांचा नंबर आधी लागतो. एकट्या गाडीला तिथे ताटकळावे लागते. फरशीच्या खाणीवाल्यांचे तसे नाही. त्यांचे ग्राहक लहान, माल थोडाथोडा आणि उचल रोजची. उदगीर, अहमदपूर, लोहा यांसारख्या गावांतल्या फरशी विक्रेत्याशी थेट ओळख असलेल्या ट्रकमालकाला हैदराबादच्या दलालाकडे तासन्‌तास बसावे लागत नाही. जालन्याचेही असेच. तेथील पोलाद कारखान्यांना भंगार लागते आणि तेथून सळई बाहेर पडते. नांदेड-लातूरच्या भंगार व्यापाऱ्याचा माल नेऊन तेथूनच सळई आणणे ही बहुधा या भागातील सर्वांत नैसर्गिक जोडी. दोन्ही बाजूंना वजनाचा माल आहे आणि अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. अडचण एवढीच की भंगाराचे भाडे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सळईचे नसते. ती जोडी मालकालाच जुळवावी लागते.

पिकाचे पंचांग, ट्रकचे पंचांग

या भागातील ट्रकचे वर्ष शेतीच्या वर्षाला बांधलेले आहे. दसरा-दिवाळीला सोयाबीन, त्यापाठोपाठ कापूस, नोव्हेंबरपासून उसाचा गाळप हंगाम, जानेवारीपासून तूर, फेब्रुवारी-मार्चला हरभरा आणि उन्हाळ्यात हळद. मेपासून जुलैपर्यंत खत. त्यानंतर पोळ्यापर्यंतचे दिवस रिकामे. हप्ता मात्र बारा महिन्यांचा असतो, ही साधी विसंगती कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांच्या हप्त्यांत सहसा दिसत नाही. पीककर्जाची परतफेड हंगामाला जोडलेली असते. त्याच पिकावर चालणाऱ्या ट्रकचे कर्ज तसे नसते.

खताचे काम वेगळ्या धर्तीचे आहे. खताचा एक पूर्ण रेक साधारण २,६०० टनांचा. तो मालधक्क्यावर लागला की ठराविक तासांत रिकामा करावा लागतो, अन्यथा रेल्वे विलंब आकार लावते. अठरा टनी गाडीच्या हिशेबाने हे सुमारे १४५ खेपांचे काम. दर ठेकेदार ठरवितो आणि तो फारसा उदार नसतो. पण अंतर तालुक्याच्या गावापर्यंतचे, टोल बहुधा नाही, गाडी रात्री घरी आणि पुढची खेप सकाळी. टनामागे कमी दर देणारे हे काम दिवसामागे अनेकदा लांबच्या भाड्यापेक्षा जास्त देते. टनाचा दर पाहायचा की दिवसाचा, हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला तो रेक लागल्याची खबर शोधतो. ज्याने विचारला नाही तो मुंबईचे भाडे शोधतो.

उसाचे काम चार-पाच महिने निश्चित उत्पन्न देते आणि त्याची जोखीमही तेवढीच मोठी आहे. वाहतुकीचा करार करणाऱ्याला अनेकदा तोडणी टोळीचीही जबाबदारी घ्यावी लागते. मुकादमाला उचल द्यायची, आणि टोळी आलीच नाही तर ती रक्कम वाहतूकदाराच्या डोक्यावर. उचल घेऊन मुकादम पसार झाल्याच्या तक्रारी दर हंगामात पोलीस ठाण्यांत नोंदविल्या जातात. दोन-तीन लाखांची उचल बुडाली तर एका गाडीचा संपूर्ण हंगाम तिथेच संपतो.

दुष्काळाचे गणित आणखी निराळे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या वर्षी शेतमालाची वाहतूक आटली होती; पण टँकरला आणि चाऱ्याला काम होते. म्हणजे अवर्षणातही गाडीला काही ना काही उरते. अतिवृष्टीत तेही उरत नाही. सप्टेंबर २०२५ मधील पावसाने नांदेड, लातूर, धाराशिव, बीडसह मराठवाड्यातील उभे सोयाबीन पाण्यात गेले. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. ते नुकसानग्रस्त शेतकऱ्यांसाठी होते आणि असायलाच हवे होते. परंतु शेतात न पिकलेल्या प्रत्येक टनाबरोबर एक टन भाडेही बुडते, आणि बुडालेल्या भाड्याचा पंचनामा कोणी करत नाही.

लातूरच्या डाळ मिलना आयात तुरीचा आधार असतो. केंद्राने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केल्यानंतर म्यानमार आणि आफ्रिकेतील तूर बंदरावरून येथवर येऊ लागली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दर पाडणारा निर्णय. ट्रकमालकाच्या दृष्टीने मुंबईहून परतीचे भाडे. एकाच घरात थोरला भाऊ शेती करतो आणि धाकटा ट्रक चालवतो, अशी कुटुंबे या दोन जिल्ह्यांत थोडी नाहीत. तिथे या एका अधिसूचनेचे जमा आणि खर्च दोन्ही एकाच छताखाली मांडले जातात.

वजन वाढले, दर नाही

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मालवाहू वाहनांची वजनमर्यादा वाढविली. तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकी ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. वरकरणी ही मालकांना भेट होती. पण नवा एकही ट्रक रस्त्यावर न येता देशाची मालवाहू क्षमता एका रात्रीत वाढली आणि माल तेवढाच राहिला. भाडे टनावर ठरते, त्यामुळे ज्याच्याकडे पूर्वी साडेचौदा टन भरायचा परवाना होता तो अठरा टन भरू लागला आणि दर त्या प्रमाणात खाली सरकला.

त्याहून जास्त भरणाऱ्यासाठी २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड ठेवला. वर उल्लेखिलेल्या हिशेबात एक दंड म्हणजे दहा फेऱ्यांचा नफा. तरीही जादा माल भरला जातो, कारण दलाल दर सांगतो तोच तीन-चार टन जादा भरणार असे गृहीत धरून. नियमाने भरणारा त्या दरात तोट्यात जातो आणि नियम मोडणारा पकडला जाईपर्यंत फायद्यात राहतो. दंड ट्रकमालक भरतो. माल कोणी भरायला लावला, हा प्रश्न काट्यावर सहसा विचारला जात नाही.

लांबच्या अंतरावर दहा चाकी गाडीची स्पर्धा आता चौदा-सोळा चाकी गाड्यांशी आणि ट्रेलरशी आहे. टनामागे त्यांचा खर्च कमी. तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-नागपूर हा महामार्ग ३६१ चौपदरी झाल्यानंतर त्या गाड्यांना हा प्रदेश सोपा झाला. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, आणि जालना-नांदेड द्रुतगती मार्ग तयार झाल्यावर नांदेडहून मुंबईचे अंतर वेळेच्या हिशेबात आणखी कमी होईल. रस्ता चांगला झाला की छोट्याला फायदा, हे गृहीतक येथे तपासून घ्यायला हवे. चांगल्या रस्त्याचा पहिला लाभ मोठ्या गाडीला होतो. दहा चाकीची खरी ताकद आहे ती गावच्या गोदामापर्यंत, मिलच्या बोळापर्यंत, ट्रेलर वळणार नाही अशा खळ्यापर्यंत पोहोचण्याची. दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या आतले काम हे तिच्यासाठी दुय्यम नाही. तेच तिच्या हातात उरलेले काम आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी घेणाऱ्याला दिलासा मिळाला. जुनी गाडी कर्जावर घेतलेल्याच्या दृष्टीने मात्र त्याच दिवशी त्याच्या गाडीची बाजारातील किंमत उतरली आणि कर्जाची रक्कम तेवढीच राहिली.

बिल्टीवर नाव कोणाचे?

एक गाडी असलेल्या मालकासाठी करव्यवस्था तशी सौम्य आहे. जो स्वतः बिल्टी फाडत नाही, केवळ ट्रान्सपोर्ट एजन्सीला गाडी भाड्याने देतो, त्याच्या सेवेवर जीएसटी नाही. दहापर्यंत गाड्या असलेल्यांना प्राप्तिकरासाठी वहीखाते न ठेवता अंदाजित उत्पन्न दाखविता येते. जड वाहनासाठी हे उत्पन्न एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १,००० रुपये धरले जाते. २८.५ टनांच्या ट्रकसाठी महिना २८,५०० रुपये. वरच्या उदाहरणातील गाडी महिनाभर न थांबता फिरली आणि प्रत्येक फेरीला परतीचे भाडे मिळाले, तरी नफा चौदा हजारांच्या आसपास थांबतो. कायद्याने गृहीत धरलेले उत्पन्न गाठायचे तर चालकाचा पगारही स्वतःच्याच खिशात ठेवावा लागेल. मालकच चालक का असतो, याचे उत्तर येथे मिळते. तो जे कमावतो त्याला नफा म्हणण्यापेक्षा मजुरी म्हणणे अधिक बरोबर. जोखीम तेवढी उद्योजकाची.

करसवलतीची ही सोय मालकाला कागदावरून पुसूनही टाकते. बिल्टी एजन्सीच्या नावे, ई-वे बिल व्यापाऱ्याच्या किंवा एजन्सीच्या नावे. भरतेवेळी भाड्याचा मोठा भाग आगाऊ मिळतो, उरलेली रक्कम पोच पावती परत आल्यावर. ही शिल्लक कधी पंधरा दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी. कधी पोत्याला फाट पडली, वजनात घट आली या कारणाने कापून येते. ई-वे बिलाची मुदत जानेवारी २०२१ पासून दिवसाला २०० किलोमीटर या हिशेबाने मिळते. गाडी रस्त्यात नादुरुस्त झाली आणि मुदत वेळेत वाढवून घेतली नाही, तर तपासणीत मालाबरोबर ट्रकही अडकतो. चूक कागद करणाऱ्याची असली तरी उभी राहते ती गाडी, आणि दिवसाचे अडीच हजार तिच्याच खात्यावर चढतात.

या शिल्लक भाड्यासाठी कायद्याचा आधार आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. एक ट्रकचा मालकही सेवा उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करू शकतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट त्या वर्षी मिळत नाही, अशी तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली आहे. डाळ मिलचा लेखापाल या तरतुदीला घाबरतो. पण त्यासाठी मिलच्या वहीत ट्रकमालकाचे नाव असावे लागते. तिथे नाव असते एजन्सीचे, आणि एजन्सी व मालक यांच्यातला व्यवहार फोनवर ठरलेला असतो.

भाडे शोधून देणारी मोबाईल ॲप ही दलालाला पर्याय ठरतील, अशी अपेक्षा दशकभरापूर्वी होती. यातील ब्लॅकबक ही कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातही आली. हैदराबाद, पुणे, मुंबईसारख्या मोठ्या केंद्रांवर परतीचे भाडे पाहण्यासाठी या ॲपचा उपयोग होतो. दर काय चालला आहे हे दलालाशिवाय कळते, हाच मोठा लाभ. लातूरच्या मिलमधून निघणारा माल मात्र अजूनही बहुतांशी ओळखीने भरला जातो. कोणती गाडी पावसात ताडपत्री नीट बांधते, कोणता चालक वाटेत माल हलवत नाही, हे ॲपला ठाऊक नसते. दलालाला ते ठाऊक असते आणि त्याच्या दलालीत या माहितीची किंमत धरलेली असते. म्हणून दलालाला सरसकट खलनायक ठरविणेही चुकीचे आहे. मध्यरात्री बिदरजवळ गाडी बंद पडली तर मेकॅनिकसाठी त्यालाच फोन लावला जातो.

तरीही पाच-सहा मिल, दोन-तीन फरशी विक्रेते, एखादा भंगार व्यापारी आणि खत ठेकेदार यांच्याशी थेट बांधला गेलेला मालक आणि केवळ दलालाच्या फोनवर विसंबलेला मालक यांच्या वर्षाअखेरच्या हिशेबात फरक पडतो. थेट ओळखीत दर टनामागे थोडाच जास्त असतो. पण पोच दिल्याबरोबर पैसे मिळतात आणि बिल मालकाच्या नावे होते. तेवढ्यावर उद्यम नोंदणीचा कागद कामाला येतो. दलालाकडून आलेल्या भाड्यावर तोच कागद पुढे केला तर पैसे कदाचित मिळतील, पण पुढचा फोन येणार नाही, अशी धास्ती मालकांना असते. त्यामुळे थकलेल्या भाड्याची लेखी तक्रार करायला मालक निघतो, तो बहुधा गाडी विकायला काढल्यानंतर.